सूडाची किंमत पडद्यावर कशी मांडायची: अलौकिक भयपटाच्या पटकथेसाठी टप्प्याटप्प्याने

सूडाच्या भयपटांच्या संहितांमध्ये एक दोष हमखास सापडतो. नव्वद पानं सूड झोकात चालतो, एकामागून एक माणसं मरतात आणि शेवटच्या दहा पानांत सूड घेणाराही मरतो. लेखकाला वाटतं, किंमत चुकवून झाली. खरं तर ती नुसती शिक्षा झाली. शिक्षा शेवटी येते, बाहेरून येते आणि दुसरं कोणीतरी देतं. किंमत पहिल्या वारापासून वसूल व्हायला लागते. ज्या माणसापायी किंवा ज्या गोष्टीपायी सूड सुरू झाला, त्यालाच किंवा तिलाच ही किंमत कुरतडत जाते.

तुमच्या संहितेत यातलं काय आहे हे पाहायचं असेल, तर शेवटची दहा पानं काढून ठेवा. उरलेल्या पानांत सूड घेणाऱ्याने काय गमावलं, हे डोळ्यांनी दिसतील किंवा कानांनी ऐकू येतील अशा तीन गोष्टींत सांगता आलं पाहिजे. "तिची माणुसकी हरवली" हे उत्तर चालत नाही. माणुसकी कॅमेऱ्यात येत नाही.

पुढचे सगळे आकडे शंभर मिनिटांच्या चित्रपटाचे आहेत. नेहमीच्या मांडणीत लिहिलेलं पटकथेचं एक पान साधारण एक मिनिट चालतं, म्हणून शंभर पानं धरली आहेत. वीस मिनिटांच्या लघुपटात बळी एक किंवा दोन ठेवा, प्रमाण तेच राहू द्या.

एक नमुना हाताशी

नुसत्या तत्त्वांवर बोललं की सगळं पटतं आणि लिहायला बसलं की काही सुचत नाही. म्हणून एकच कथासूत्र शेवटपर्यंत वापरू.

तलावात सहलीची होडी उलटते. नऊ वर्षांचा मुलगा बुडतो. जबाबदार चौघे: वीस जणांच्या होडीत पस्तीस जण बसवणारा मालक, होडी न पाहता कागदावर सही करणारा तपासनीस, होडी कलताच उडी मारून एकटा किनाऱ्याला लागलेला नावाडी आणि सतरा वर्षांचा मदतनीस. लाइफ जॅकेटं खराब होऊ नयेत म्हणून मालकाने ती पेटीत कुलूपबंद ठेवायला सांगितली होती आणि किल्ली या मदतनिसाच्या खिशात होती. त्याच मदतनिसाने दोन मुलांना पाण्याबाहेर काढलं.

मुलाची आई त्याच्या पाटीवर एकेकाचं नाव लिहिते. नाव लिहिलं की त्या रात्री मुलगा घरी येतो, घटकाभर आईजवळ बसतो आणि मग उठून त्या माणसाकडे जातो.

पहिली पायरी: अन्यायाचं वजन ठरवा

अन्याय फार राक्षसी केला तर पुढे किंमत मांडताना चित्रपट उपदेश करतोय असं वाटतं. प्रेक्षक मनात म्हणतो, मारलं ते बरंच केलं. अन्याय फार हलका केला तर सूड घेणारी व्यक्ती विसाव्या मिनिटालाच वेडी वाटते आणि प्रेक्षक तिच्या बाजूने उभा राहत नाही. मधली जागा सर्वात सुपीक असते: निष्काळजीपणा, भित्रेपणा, लोभ, गप्प बसणं. यातून मृत्यू होतो, पण कोणी ठरवून केलेला नसतो. 'पम्पकिनहेड' (1988) या स्टॅन विन्स्टन दिग्दर्शित चित्रपटात बापाचा मुलगा मोटारसायकलींच्या अपघातात जातो. ज्यांच्याकडून तो अपघात झाला, त्यांच्यातही मदतीला थांबणारा आणि पळून जाणारा असे वेगवेगळे लोक आहेत. पुढे बाप एका चेटकिणीकरवी राक्षस उठवतो आणि तो राक्षस हा फरक करत नाही. चित्रपटाचा सगळा नैतिक ताण त्या एका निवडीतून येतो.

पानांची वाटणी अशी करा. पहिली बारा पानं मुलगा जिवंत असतानाची आणि दुर्घटनेची. त्यात दुर्घटना स्वतः तीन पानांपेक्षा जास्त नको. मृत्यू जितका सजवाल तितका तो तमाशा होतो, आणि पुढच्या हत्यांसाठी प्रेक्षकाला रक्ताची चटक लागते. पुढची दहा पानं न्यायाची दारं बंद होण्याची. इथे तीन प्रसंग पुरतात: एक तक्रार, एक टोलवाटोलवी, एक ठाम नकार. हे दार खरंच बंद झालेलं दिसलं पाहिजे. ते किलकिलं राहिलं तर प्रेक्षक विचारत राहतो की ही बाई वकिलाकडे का गेली नाही, आणि मग भूत येवो की राक्षस, त्याचं लक्ष लागत नाही.

दुसरी पायरी: सूड कोण घेतंय?

इथे तीन रस्ते आहेत.

मेलेली व्यक्ती स्वतः परत येऊन सूड घेते, हा सर्वात जुना रस्ता. त्यातली अडचण अशी की मेलेल्याकडे गमवायला काय उरलं? उत्तर एकच: जिवंत माणसाशी असलेलं नातं. कानेतो शिंदोंच्या 'कुरोनेको' (1968) मध्ये सामुराईंनी मारलेल्या सासू-सुना सगळ्या सामुराईंचा जीव घेण्याची शपथ घेऊन परततात. युद्धावर गेलेला घरचा मुलगा नंतर सामुराई होऊनच समोर येतो. शपथेत "आपला सोडून" असं कलम नाही. सून नवऱ्याबरोबर सात रात्री राहते आणि त्यापायी नरकात जाते. किंमत कशी दिसते, यासाठी हा चित्रपट वही घेऊन पाहावा.

दुसऱ्या रस्त्यात शाप आपोआप चालतो, कोणाच्या रागाची त्याला गरज उरत नाही. मग नैतिक प्रश्न सुटण्याच्या मार्गात ठेवावा लागतो. हिदेओ नाकातांच्या 'रिंगु' (1998) मध्ये शापित व्हिडिओ टेप पाहिलेल्याला जीव वाचवायचा तर तिची प्रत काढून दुसऱ्याला दाखवायची असते. शेवटी आई आपल्या मुलाला वाचवण्यासाठी टेप घेऊन स्वतःच्या वडिलांकडे निघते. सूड तिचा नाहीच, पण किंमत कोणी मोजायची हे ती ठरवते.

तिसरा रस्ता, जिवंत माणूस एखाद्या शक्तीला बोलावतो. नैतिक किंमत हा मुख्य विषय असेल तर हाच घ्या, कारण यात निवड आहे, तीही पुन्हा पुन्हा करावी लागणारी. नमुन्यातल्या आईला पाटीवर चार वेळा नाव लिहावं लागतं. एकदाच मंत्र म्हटला आणि चौघे आपोआप मेले असं असतं, तर तिचा गुन्हा एकच झाला असता आणि चित्रपट तिसाव्या मिनिटाला संपला असता.

तिसरी पायरी: करार एका पानावर लिहून काढा

वनलाइन, म्हणजे प्रसंगांची क्रमवार यादी, लिहिण्याआधी हे पान तयार करा. संहितेत ते कधीच दिसणार नाही, पण सगळी पटकथा त्यावर उभी राहते. यात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: शक्तीला बोलवायचं कसं, तिला काय करता येतं, काय करता येत नाही, मोबदला कशात घेतला जातो आणि थांबवायचं कसं.

नमुन्याचं पान असं होईल. नाव आईच्याच अक्षरात हवं. मुलगा फक्त रात्री येतो आणि नाव लिहिलेल्या माणसाशिवाय कोणाला हात लावत नाही. प्रत्येक हत्येनंतर मुलाचं स्वतःचं असं काहीतरी पुसलं जातं. पाटी पुसली की सगळं थांबतं, पण मग तो पुन्हा कधीच येत नाही.

प्रेक्षकाला लक्षात ठेवावे लागतील असे नियम तीनपेक्षा जास्त नकोत. चौथा नियम आला की पात्रं एकमेकांना समजावून सांगायला लागतात आणि भीती ओसरते. नियम कळण्याची जागा पान 22 ते 28. त्यातला मोबदल्याचा भाग अर्धाच सांगा. "त्याचं काहीतरी जाईल" एवढं आईला ठाऊक असावं, काय जाईल ते नसावं.

हे अर्धं सांगणं फार नाजूक काम आहे. आईला काहीच सांगितलं नाही तर तिची फसवणूक झाली. फसलेल्या माणसाची दया येते, पण त्याच्यावर नैतिक जबाबदारी पडत नाही. सगळं आधीच सांगितलं तर तिने डोळे उघडे ठेवून सौदा केला आणि पुढे शोधण्यासारखं काही उरलं नाही. तिला एवढं कळायला हवं की नंतर "मला माहीत नव्हतं" म्हणता येऊ नये.

नियम मोडू नका, हे वेगळं सांगायला नको खरं तर. पण 85व्या पानाच्या आसपास जवळजवळ प्रत्येक लेखकाला नवा नियम सुचतो: अचानक सापडलेलं जुनं पुस्तक, सगळं जाणणारा म्हातारा. तो नियम खरंच लागणार असेल तर मागे जाऊन पान 25 वर पेरा. पेरता येत नसेल तर काढून टाका.

चौथी पायरी: चलन निवडा आणि हप्ते पाडा

संहितेचं खरं काम इथे आहे. घाई करू नका.

चलन म्हणजे मोबदला कशात घेतला जातो. नवखा लेखक शरीर निवडतो: केस पांढरे होतात, नसा काळ्या पडतात, नाकातून रक्त येतं. मेकअपवाल्याला काम मिळतं, पण प्रेक्षक फार तर "अरेरे" म्हणतो. शरीराची झीज चालते ती तिला दुसरा अर्थ असेल तेव्हा. 'पम्पकिनहेड'मध्ये राक्षस मारत असताना बापाला ते सगळं दिसतं, जाणवतं, आणि हळूहळू दोघांचे चेहरे एकमेकांसारखे होऊ लागतात. तिथे शरीर हा पुरावा आहे: मारणारा कोण, हे आता वेगळं सांगता येत नाही.

चांगलं चलन ओळखायची कसोटी साधी आहे. सूड ज्याच्यासाठी चालला आहे, तेच खर्च होतंय का? आई मुलासाठी सूड घेते आणि प्रत्येक हत्येत मुलगाच खर्च होतो. हत्या तोच करतो. अंधाराला घाबरणाऱ्या नऊ वर्षांच्या पोराला ती मारेकरी बनवतेय. हे वाक्य संहितेत कोणाच्याही तोंडी येता कामा नये, प्रेक्षकाला ते स्वतःलाच सुचलं पाहिजे.

आता हप्ते. मुलाच्या पाच सवयी ठरवा आणि पहिल्या बारा पानांत प्रत्येक किमान दोनदा दाखवा: एकदा सहज, एकदा गमतीत किंवा भांडणात. एकदाच दाखवलेली सवय प्रेक्षक विसरतो. तीनदा दाखवली तर त्याला कळतं की लेखक काहीतरी पेरतोय. नमुन्यात या पाच:

1. जिना उतरताना पायऱ्या मोठ्याने मोजणं.
2. आईच्या बाहीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसणं.
3. शिट्टी मारायचा प्रयत्न करणं, आणि नुसतीच हवा निघणं.
4. खोलीत दिवा चालू ठेवूनच झोपणं.
5. दारातूनच "आई" अशी हाक मारत घरात येणं.

पहिल्या हत्येनंतर तो येतो तेव्हा जिना न मोजता उतरतो. आईला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, काय ते कळत नाही. पुष्कळ प्रेक्षकांनाही कळणार नाही, आणि ते ठीक आहे. दुसऱ्या हत्येनंतर तो शेजारी बसतो, पण बाही धरत नाही. आई स्वतः बाही त्याच्या हातात देते, ती निसटते. त्याच रात्री अंधारातून स्वच्छ, सुरेल शिट्टी ऐकू येते. इथे एक उपयोगी युक्ती आहे: असलेलं जाणं दुःखद असतं, पण न येणारं अचानक येऊ लागणं भीतीदायक असतं. पाच हप्त्यांत असा एक तरी ठेवा. तिसऱ्या हत्येनंतर तो घरात शिरतो, आईकडे पाहतो आणि स्वतःच्या हाताने दिवा बंद करतो.

तो दिवा बंद होण्याचा क्षण हा चित्रपटातला सर्वात मोठा धक्का असायला हवा, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही. त्यासाठी लागलेली सगळी गुंतवणूक पहिल्या बारा पानांतली आहे. पाचवी सवय, हाक, शेवटासाठी राखून ठेवा.

हप्ते वाढत्या क्रमाने हवेत. आधी सवय, मग स्पर्श, मग स्वभाव, मग ओळख. उलट क्रमाने लावलेत, म्हणजे आधीच त्याने आईला ओळखलं नाही, तर पुढच्या तीस पानांत गमवायला काही उरत नाही. मधला भाग रेंगाळल्याची तक्रार जिथे येते, तिथे बहुतेक वेळा हाच घोळ असतो.

पाचवी पायरी: बळींची उतरंड

चौघांचा दोष सारखा ठेवू नका. क्रम सर्वात दोषीपासून सर्वात कमी दोषीकडे: मालक, तपासनीस, नावाडी, मदतनीस. प्रेक्षकाचा पाठिंबा पहिल्या हत्येला पूर्ण असावा, दुसऱ्या वेळी थोडी कुरकुर व्हावी, तिसऱ्या वेळी पोटात गोळा यावा, आणि चौथ्या वेळी त्याने मनातल्या मनात आईला थांब म्हणावं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, या म्हणीतला काळ इथे अक्षरशः पडद्यावर आहे.

प्रत्येक हत्येची बाजू बदला.

पहिली हत्या (पान 30 ते 36) सूडाच्या बाजूने. कॅमेरा मुलाबरोबर, मालक माजलेला, प्रेक्षकाला समाधान मिळू द्या. बरेच सुजाण लेखक इथेच चुकतात. सूड वाईट हे त्यांना आधीच माहीत असल्याने ते पहिली हत्याच किळसवाणी करतात. मग प्रेक्षक पहिल्यापासून निर्दोष राहतो, आणि निर्दोष प्रेक्षकाकडून किंमत वसूल करता येत नाही. त्याला आधी टाळ्या वाजवू द्या.

दुसरी (पान 45 ते 50) दुरून. हत्या दिसत नाही, बंद दार दिसतं. मग वीस ते चाळीस सेकंद नंतरचं: चार्जिंगला लावलेला तपासनिसाचा मोबाइल वाजत राहतो, थांबतो, पुन्हा वाजतो. पडद्यावरचं नाव वाचता येईल इतका वेळ द्या. इथे संकलकाला हात आखडता घ्यायला सांगावं लागतं, कारण हत्येनंतर लगेच पुढच्या दृश्यात उडी मारायची सवय सगळ्यांनाच असते.

तिसरी (पान 62 ते 68) बळीच्या बाजूने, पूर्णपणे. नावाड्याबरोबर आपण अडकलेलो. मुलाचा चेहरा आता आपल्याला अनोळखी, कारण नावाड्याला तो अनोळखी आहे. मरण्यापूर्वी नावाड्याने क्षमा मागावी का? मागू शकतो, पण क्षमा मागणारा बळी हा स्वस्त उपाय आहे. त्यापेक्षा त्याला तसाच भित्रा ठेवा. भित्रा माणूसही मरायच्या लायकीचा नसतो, हे प्रेक्षकाला त्याच्या भीतीतूनच समजतं.

चौथी व्हावी की नाही, यावर शेवटचा अंक. मदतनीस आईच्या घरी येऊ द्या, हत्येच्या आधीच, पान 75 च्या सुमारास, आणि त्याला काय होणार आहे याचा पत्ताही नसताना. त्याने वाचवलेल्या दोन मुलांपैकी एकाचा उल्लेख तेव्हा होऊ द्या, तोही दुसऱ्याच कोणाच्या तोंडून. त्याने स्वतः सांगितलं की ती बढाई होते.

सहावी पायरी: थांबण्याची संधी, दोनदा

पहिली संधी मध्यावर, पान 50 च्या आसपास. बाही निसटल्यानंतर आईला अंदाज आलेला असतो. ती पाटी पुसू शकते आणि पुसत नाही. ती का पुसत नाही, हे लिहिताना राग हे कारण देऊ नका. दोन हत्यांनंतर राग निवलेला असतो. तिला मुलगा हवा आहे. नाव लिहिलं की तो येतो. तिसरं नाव ती मुलाला भेटायला लिहिते, नावाड्याला मारायला नाही. सूडाचं रूपांतर अशा एखाद्या गरजेत झालं की भयपट एकदम खोल जातो, कारण आता ती दुष्ट नाही, व्यसनी आहे, आणि तिच्या व्यसनात माणसं मरतायत.

दुसरी संधी पान 80 नंतर, आणि ती महाग हवी. थांबवणं फुकट असेल तर निवड उरत नाही. 'पम्पकिनहेड'मधला बाप चेटकिणीकडे परत जाऊन हे थांबव म्हणतो, आणि ते तिच्या हातात उरलेलं नसतं. भीक नको पण कुत्रा आवर अशी त्याची गत होते. तिथे थांबवण्याचा मार्ग त्याच्या स्वतःच्या जीवातून जातो. नमुन्यातल्या आईचा मार्ग मुलाच्या दुसऱ्या मृत्यूतून जातो: पाटी पुसली तर मदतनीस वाचतो आणि मुलगा, जो काही उरला आहे तो, तिच्याच हातून कायमचा जातो.

सातवी पायरी: चित्रीकरणाचं थोडं

दिव्याचा विचार पूर्वतयारीतच करा. मुलाच्या खोलीतला दिवा पिवळसर, 2700 केल्व्हिनच्या (उजेडाचा रंग मोजायचं एकक) आसपासचा ठेवा आणि घराच्या इतर रात्रीच्या दृश्यांपासून त्याचा रंग वेगळा राहू द्या. असा रंग तयार झाला की तिसऱ्या हत्येनंतर तो नुसता नाहीसा झाला तरी पुरतं. दिवा बंद झाल्यावर पडदा पूर्ण काळा करू नका. खिडकीतून येणाऱ्या थंड उजेडात मुलाच्या खांद्याची कड दिसेल एवढं ठेवा, नाहीतर तो अजून खोलीत आहे हेच कळत नाही.

पायऱ्या किती, हा आकडा जागा नक्की झाल्यावरच संहितेत भरा. संहितेत चौदा आणि प्रत्यक्षात अकरा, अशी फजिती सेटवर नेहमीची. मोजण्याचा, फसलेल्या शिट्टीचा आणि हाकेचा आवाज त्याच जागी वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवा, कॅमेरा बंद ठेवून, प्रत्येकी चार-पाच वेळा. सुरेल शिट्टी मात्र मोठ्या माणसाकडून वाजवून घ्या. ती मुलाची वाटत नाही, हेच तिचं काम आहे.

बालकलाकाराची आईबरोबरची जिवंतपणीची दृश्यं आधी, सलग चित्रित करा. त्या दोघांत खरी सलगी तयार होते आणि पुढची तुटलेली दृश्यं त्यावर चालतात. हत्येच्या चित्रीकरणात मुलाला आणायची गरज नाही. हात, सावली, पाठमोरी आकृती यांना बदली माणूस पुरतो. मुलाचे पालक सेटवर हवेत आणि कथेत काय घडतं हे त्यांना आधी पूर्ण सांगितलेलं हवं.

आठवी पायरी: शेवट

आई मरते, हा शेवट सर्वात आधी सुचतो. तो टाळा. महाभारतात अश्वत्थाम्याचं पाहा: बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून तो झोपलेल्यांना मारतो, द्रौपदीच्या पाच मुलांचा जीव घेतो, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. त्याला मृत्युदंड मिळत नाही. कपाळावरचा मणी जातो आणि तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप मिळतो. मरण नाकारणं हीच किंमत ठरते, म्हणून ती कथा आजही अंगावर येते.

तीन शेवट विचारात घ्या. आई चौथं नाव लिहिते, मदतनीस मरतो, मुलगा दारात येतो आणि हाक मारत नाही. ती कोण, हे त्याला ठाऊकच नाही. किंवा ती पाटी पुसते आणि मुलगा जाता जाता शेवटची हाक मारतो, म्हणजे तिने ज्याला पुसलं तो थोडासा तरी अजून तिचाच होता. दुसरा शेवट नैतिकदृष्ट्या योग्य आहे आणि जास्त क्रूर आहे. मी दुसराच निवडेन. योग्य निर्णय घेतल्याबद्दल प्रेक्षकाकडून बक्षिसाची अपेक्षा ठेवली की भयपटाचा कौटुंबिक चित्रपट होतो.

तिसरा रस्ता क्षमेचा, आणि तो सर्वात अवघड. लिअम गॅव्हिनच्या 'अ डार्क साँग' (2016) मध्ये मूल गमावलेली बाई सूडाचा खरा हेतू लपवून लांबलचक विधी करवून घेते आणि शेवटी देवदूतासमोर सूडाऐवजी क्षमा करण्याची ताकद मागते. हे पटतं, कारण तोवर तिने महिनोन्महिने घरात कोंडून घेतलेलं असतं, खोटेपणाची किंमत शरीराने मोजलेली असते. ती ताकद मागते, क्षमा तिला आयती येत नाही. क्षमेचा शेवट हवा असेल तर ती मागण्यापूर्वीची वीस पानं तिच्याविरुद्ध लिहा.

नववी पायरी: कात्री आणि चाचणी

संवादांवरून एक फेरी फक्त एवढ्यासाठी मारा: सूडाने काही साधत नाही, तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला, तो असता तर त्याला हे आवडलं असतं का, या अर्थाचं प्रत्येक वाक्य कापा. अपवाद एकच. ते वाक्य स्वतः वाचायला धडपडणारा बळी म्हणत असेल तर ठेवा, कारण मग ते तत्त्वज्ञान नसतं, जिवाचा आकांत असतो.

कच्चं संकलन झालं की सिनेमाशी संबंध नसलेल्या आठ ते बारा जणांना दाखवा. "आवडलं का" विचारू नका. दिवे लागताच प्रत्येकाला कागदावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगा: तिने कुठे थांबायला हवं होतं? आपापसात बोलण्याआधी कागद गोळा करा, नाहीतर सगळ्यांचं उत्तर सर्वात मोठ्याने बोलणाऱ्याचं होतं.

बहुतेक उत्तरं "सुरुवातच करायला नको होती" अशी आली तर न्यायाची दारं नीट बंद झालेली नाहीत. पान 12 ते 22 पुन्हा लिहा किंवा नकाराचा प्रसंग लांबवा. "थांबायचं कशाला, चौघेही गेले पाहिजेत" असं आलं तर मदतनीस माणूस म्हणून उभा राहिलेला नाही. त्याचं आईच्या घरी येणं पुन्हा पाहा, बहुधा तो तिथे फार रडतोय किंवा फार बोलतोय. उत्तरं दुसऱ्या आणि तिसऱ्या हत्येच्या दरम्यान विखुरली असतील तर करार, हप्ते आणि उतरंड तिन्ही जागेवर आहेत. आणि कोणी "दिवा बंद केला तेव्हा" असं लिहिलं, तर त्या दृश्यातली एक फ्रेमही आता हलवू नका, पार्श्वसंगीतवाल्याने कितीही आग्रह केला तरी.